अर्धा पैसा कुणाचा?

मेनफ्रेमवरच्या माझ्या पहिल्याच रात्रपाळीत व्याज-आकारणीचा कोबोलमधला जॉब पहाटे तीनच्या सुमारास बंद पडला. पडद्यावर खूण होती एस-झीरो-सी-सेव्हन. आम्ही तिला ‘सॉक सेव्हन’ म्हणायचो. डम्पचा, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतला मजकूर छापलेल्या कागदांचा, गठ्ठा पुढे सरकवून सर म्हणाले, “रक्कम शोध.” मी ओळींवरून बोट फिरवत गेले. एका खात्यापुढे होतं १२ ३४ ५सी. एकशे तेवीस रुपये पंचेचाळीस पैसे. शेवटचा ‘सी’ अधिक चिन्हाचा. पुढच्या खात्यात मात्र ४० ४० ४०. रकमेच्या जागी कोऱ्या जागा आल्या होत्या. त्यांना शून्य समजून पुढे जायला यंत्राने नकार दिला होता.

कोबोलवर माझा जीव जडला तो त्या पहाटे. 1959 साली या भाषेची जुळवाजुळव झाली ती हिशेबाच्या कामासाठी. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकचा तिच्यावर मोठा ठसा आहे. तिच्यात आधी सांगावं लागतं, की रुपयांचे अंक किती, पैशांचे किती, चिन्ह आहे की नाही. पॅक्ड डेसिमलमध्ये प्रत्येक अंकाला अर्धा बाइट मिळतो. दशांशचिन्ह साठवलेलंच नसतं. ते कुठे मानायचं, हे फक्त प्रोग्रामला ठाऊक. आयबीएमने 1964 साली जाहीर केलेल्या सिस्टीम ३६० मालिकेत तर असे दशमान आकडे थेट बेरजेला घेणाऱ्या आज्ञा होत्या. म्हणून वहीत लिहावी तशी रक्कम मला डम्पमध्ये वाचता आली.

पुढे तसलंच काम जावात लिहिताना रक्कम ‘डबल’ या द्विमान प्रकारात ठेवलेली पाहिली. तिथे दशांश एक आणि दशांश दोन मिळवले, की उत्तरात सतराव्या दशांशस्थळी एक चार उगवतो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधी संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. म्हणजे दहा पैसेसुद्धा नेमके मांडता येत नाहीत. चाचणीत पैशापैशाचा फरक निघू लागला, तेव्हा आम्ही सगळ्या रकमा जावाच्याच बिगडेसिमल या दशमान प्रकारात नेल्या.

पण जुन्या भाषेचे दोष मी पाठ केलेत. वर्किंग स्टोरेजमधलं नाव प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून बदलता येतं, आणि चुकीच्या जागी पडलेला एक पूर्णविराम अख्खी अट तोडतो. जावातला लहानसा वर्ग सुटा काढून तपासता येतो. हे सुख मला विशीत हवं होतं.

आणि एका बाबतीत नवी भाषा अधिक सचोटीची आहे. दोनशेला तीनने भागून उत्तर दोन दशांशस्थळांत ठेवायला सांगा. ‘राउंडेड’ हा शब्द लिहिला नसेल, तर कोबोल उरलेलं शेपूट गुपचूप कापून सहासष्ट रुपये सहासष्ट पैसे ठेवतं. बिगडेसिमलला पूर्णांकनाचा नियम दिला नाही, तर ते तिथेच थांबतं आणि चूक दाखवतं. त्या रात्री कोऱ्या जागेपुढे मेनफ्रेम थांबलं होतं, तसंच.

म्हणून व्याजाचं काम घेऊन कुणी नवं माणूस माझ्याकडे आलं, की कुठल्या भाषेत लिहिणार हे मी नंतर विचारते. आधी कागदावर उत्तर लिहून घेते: अर्धा पैसा उरला, तर तो कुणाचा?