दुसरा त्रिकोण

त्रिकोणाइतकी भरंवशाची आकृति दुसरी नाहीं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. चार काठ्यांची चौकट ढकलली कीं कलते. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाहीं. म्हणूनच तर कौलारू छपराखालीं सुतार कैची बसवितो. त्रिकोणाच्या तीन गोष्टी मला सांगा, उरलेल्या तीन मी तुम्हांला सांगतों, अशा तोऱ्यानें मी वर्गांत पाऊल टाकीत असें.

या तोऱ्याला एक अपवाद आहे, आणि तो मी दरवर्षीं तासभर शिकवीतहि असें. दोन बाजू आणि त्यांच्यामधला नव्हे, तर त्यांपैकीं एकीच्या समोरचा कोन दिला असेल, तर त्रिकोण किती होतात हें आधीं पाहावें लागतें. वाचकांनीं हवें तर कागद-पेन्सिल घ्यावी. एक लांब आडवी रेघ ओढावी. तिच्या डाव्या टोकाशीं ३० अंशांचा कोन करून १० सेंटिमीटरांची तिरपी रेघ काढावी. आतां त्या तिरप्या रेघेच्या वरच्या टोकावर कंपास रोवून खालची रेघ गांठण्याचा प्रयत्न करावा. ४ सेंटिमीटरांचा कंस तेथवर पोंचतच नाहीं. त्रिकोण एकहि होत नाहीं. ५ सेंटिमीटरांचा कंस रेघेला नुसता स्पर्श करतो. एकच त्रिकोण होतो, आणि तो काटकोनी. ६ सेंटिमीटरांचा कंस रेघेला दोन ठिकाणीं छेदतो, आणि दोन वेगळे त्रिकोण उभे राहतात. १० किंवा त्याहून अधिक सेंटिमीटर घेतले, कीं पुन्हां एकच.

हेंच आंकड्यांनींहि काढतां येतें. त्रिकोणाची प्रत्येक बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाची ज्या यांचें प्रमाण तिन्ही ठिकाणीं सारखें असतें, हा ज्यांचा नियम. त्याप्रमाणें वरच्या ६ सेंटिमीटरांच्या उदाहरणांत अज्ञात कोनाची ज्या पांच षष्ठांश येते. कोष्टक उघडलें तर तें सांगतें : सुमारें ५६ अंश २७ कला. पण १८० अंशांतून हा कोन वजा केला, तर उरणाऱ्या १२३ अंश ३३ कलांची ज्याहि तीच! पहिला कोन घेतला तर तिसरी बाजू जवळ जवळ १२ सेंटिमीटर येते. दुसरा घेतला तर ५.३. दोघांचा दाखला सारखाच खरा, आणि रूप मात्र अगदींच निराळें.

यांत मौज अशी, कीं कोष्टक हा दुसरा कोन कधींच सांगत नाहीं. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें जी ज्यांची सारणी दिली, तिच्या २४ पायऱ्या ३ अंश ४५ कलांच्या अंतरानें चढत ठीक ९० अंशांवर थांबतात. छापील कोष्टकेंहि तेथेंच थांबतात, आणि आजच्या गणनयंत्राचें बटण दाबलें तरी लघुकोनच मिळतो. दुसरा कोन ज्याचा त्यानें शोधावयाचा असतो.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरीहि बावीस वर्षांपूर्वीं सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत मीं असाच एक त्रिकोण घाईनें घातला, कोष्टक उघडलें, आणि मिळाला त्या कोनावरून आदर्श उत्तर तयार केलें. वर्गांत बहुतेकांनीं तेंच उत्तर लिहिलें. एका मुलानें मात्र दोन लिहिलीं होतीं. एक चुकलें तर दुसरें लागेल, अशा हिशेबानें यानें दोन्ही दगडांवर पाय ठेवले आहेत, असें मीं ठरविलें, आणि सहापैकीं दोन गुण दिले. दुसऱ्या दिवशीं तो उत्तरपत्रिका घेऊन माझ्या खोलीच्या दारांत आला. "सर, आकृति काढली आहे," एवढेंच तो म्हणाला. मीं मान वर न करतां म्हटलें, "एका प्रश्नाला एकच उत्तर लिहिण्याची संवय करा." "बरें सर," म्हणून तो निघून गेला. त्या परीक्षेवर एक लहानशी शिष्यवृत्ति अवलंबून होती; ती त्याची तीन गुणांनीं हुकली. रक्कम मोठी नव्हती. पण त्याच्या वह्यांना जुन्या वर्तमानपत्रांचीं वेष्टणें असत, हें मला अजून आठवतें.

गेल्या दिवाळींत कपाट आवरतांना ती प्रश्नपत्रिका हातीं लागली. शेजारीं माझी मुलगी बसली होती. तिनें सहज कंपास घेऊन आकृति काढली आणि म्हणाली, "बाबा, याचे दोन होतात कीं!" मीं कागद उलटसुलट करून पाहिला. दोन होत होते.

त्या मुलानें पुढच्या वर्षीं गणित सोडलें. माझ्यामुळेंच सोडलें, असें त्या रात्रीं मला वाटत राहिलें. पण तेंहि पुन्हां कोष्टकांतलें पहिलेंच उत्तर. त्याला दुसरा विषय मनापासून आवडलाहि असेल. त्याचा पत्ता मला ठाऊक नाहीं, आणि येथें मजजवळ कंपासहि नाहीं.

दुसरें उत्तर प्रत्येक वेळीं असतेंच, असें मात्र कोणी समजूं नये. वरच्याच उदाहरणांत १२ सेंटिमीटर घेतले, तर दुसरा कोन १५५ अंशांच्या वर जातो. त्यांत मूळचे ३० मिळविले कीं बेरीज १८० ओलांडते, आणि तो त्रिकोण बाद होतो. पण बाद करावयाचा तो बेरीज करून. मीं ती केली नव्हती, एवढाच माझा अपराध. आणि तो लहान नव्हे.

आतां प्रश्नपत्रिका छापावयास देण्यापूर्वीं मी प्रत्येक त्रिकोण कंपासानें काढून पाहतों. आणि कोणी उत्तरपत्रिका घेऊन दारांत उभा राहिला, तर त्याला आधीं बसावयास सांगतों, आणि त्याची आकृति मागून घेतों.