मौन कोणाचे, कोणासाठी?

‘डिस्क्रिशन’ या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही. गुप्तता म्हणावे तर त्यातला विवेक निसटतो. तारतम्य म्हणावे तर त्यातले मौन. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरोरिटींत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलींकडून मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ पाळण्याची अपेक्षा असते.

सोरोरिटी म्हणजे शपथेने बांधलेले भगिनीमंडळ. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली अल्फा कापा अल्फा आणि १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा स्थापन झाली. डेल्टाच्या संस्थापिका त्याच वर्षी मार्चमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या मिरवणुकीत चालल्या. या मंडळांचे सदस्यत्व पदवीपुरते नसते, आयुष्यभराचे असते. तेव्हा त्याची ओढ किती असेल, हे समजण्याजोगे आहे.

मी तिकडे शिकत असताना माझी एक सहाध्यायिनी गुलाबी आणि हिरवा रंग एकत्र कधीच घालत नसे. ते अल्फा कापा अल्फाचे रंग. “जो मान अजून मिळालेला नाही, तो अंगावर मिरवू नये,” एवढेच ती म्हणाली. आपल्या इच्छेची जाहीर वाच्यता न करण्याची ही रीत मला आजही सुंदर वाटते. तिच्यात आर्जव आहे, पण लाचारी नाही.

पण याच रीतीच्या आडोशाला दुसरे काही वाढते. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो, त्याच्या जवळचा तिकडचा शब्द हेझिंग. १९८९ साली अटलांटाच्या मोअरहाऊस महाविद्यालयात एका फ्रॅटर्निटीत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. १९९० साली कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय फ्रॅटर्निटी-सोरोरिटींनी ‘प्लेजिंग’ ही उमेदवारीची जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली. ती चोरून मात्र चालूच राहिली. गप्प राहण्याची सवय जिला आधीच लावलेली असते, तिच्याकडून छळाविषयीचे मौन वेगळे मागावे लागत नाही.

नियमांनी हा पेच सुटतोच असे नाही. छळ निमूटपणे सोसणारी उमेदवारही नियमभंगाची भागीदार ठरून सदस्यत्वाला मुकू शकते. हेतू समजतो: कोणी छळाला मान तुकवू नये. परिणाम मात्र असा, की तिने तोंड उघडले तर तिचेच दार बंद होण्याची भीती. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या अमेरिकेच्या संघीय कायद्याची व्याख्या मला अधिक शहाणी वाटते. सोसणारीची तयारी होती की नव्हती, याने तिथे फरक पडत नाही. कृत्य हेझिंगच ठरते.

स्वतःच्या इच्छेविषयी मौन ही मर्यादा आहे. दुसऱ्याच्या अपराधाविषयी लादलेले मौन ही त्या अपराधाची चाकरी आहे. उमेदवार मुलीला या दोहोंतला भेद आधी सांगितला पाहिजे आणि बोलल्याबद्दल तिचे दार बंद होणार नाही, अशी हमीही दिली पाहिजे. त्याशिवाय तिच्याकडून तारतम्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.