हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की पेन्शनरला बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत, हे कळवून यावं लागतं. माझी बँक कोथरूडला पौड रस्त्याच्या पलीकडे. आमच्या गॅलरीतून तिची पाटी दिसते. अंतर एवढंच, पण मध्ये रस्ता आहे.

माझं वय शहात्तर. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलाय. गाडी दिसते, पण ती किती लांब आहे याचा भरवसा नाही. गेल्या वर्षी चौकात उभा राहिलो. हिरवा माणूस लागला, वीसपासून उलटे आकडे सुरू झाले. डावीकडे वळणाऱ्या दुचाकींना त्या माणसाशी काही देणंघेणं नसतं. त्या जाईपर्यंत पाच सेकंद गेले. दुभाजकाशी पोचलो तेव्हा दोन उरले होते. थांबलो.

दुभाजकावर मेट्रोचा खांब. त्याच्याआडून काय येतंय ते पाहायला कासवासारखी मान बाहेर काढावी लागते. पूर्वी निदान आवाज तरी यायचा. आता बॅटरीवरच्या स्कूटर मुकाट येतात. तशीच एक इतकी जवळून गेली की तिच्या आरशात अडकून माझी पिशवी खाली पडली. पासबुक, आधार कार्ड, चष्म्याचं घर, सगळं रस्त्यावर.

तेवढ्यात मागून कचऱ्याची ढकलगाडी घेऊन एक बाई आल्या. त्यांनी सगळं गोळा करून दिलं आणि म्हणाल्या, "काका, गाडीला धरा." सिग्नलकडे न बघता त्यांनी ढकलगाडी सरळ पुढे लोटली. सगळे थांबले! माणसासाठी न थांबणारी मोटार ढकलगाडीसाठी थांबते, कारण ओरखडा तिच्या रंगावर उठणार असतो.

गंमत म्हणजे नोकरीत मी रस्त्यांचेच आराखडे करायचो. सिग्नलची वेळ काढताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. मीही मुकाट्याने तोच धरत आलो. वीस सेकंदांत चोवीस मीटर, हिशेब चोख. हा चालणारा कोण, त्याचा गुडघा कसा आहे, असं चाळिशीत कधी मनात आलं नाही. परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने दहा मीटर आखून घड्याळ लावलं. तेरा सेकंद लागले. म्हणजे वीस सेकंदांत पंधरा मीटर. त्यातून दुचाकींचे पाच सेकंद वजा केले की साडेअकरा. माझ्याच सूत्राने मला रस्त्याच्या मध्यावर आणून सोडलं होतं.

त्या दिवशी बँकेत मशीनने अंगठा ओळखायला तीनदा नकार दिला, चौथ्यांदा घेतला. "झालं काका, वर्षभर काळजी नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

बाहेर आलो. ढकलगाडी केव्हाच निघून गेली होती. रिक्षाला हात केला.

"कुठं जायचंय?"

"समोर."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मीटर टाकला. पुढच्या चौकातून वळून आलो. २५ रुपये झाले.