एक सामना प्रत्यक्ष पाहावा

जानेवारीतील पहाट. बदलापुरात उल्हास नदीवरचे धुके अजून विरलेले नसते आणि साडेपाच वाजता मेलबर्नचे सामने दूरचित्रवाणीवर सुरू होतात. चहाचा पेला हाती धरून एखादे आजोबा समोर बसलेले असतात. जुलैतील संध्याकाळी तेच आजोबा विम्बल्डनच्या हिरवळीवर नजर लावून असतात. वाचकहो, ते आजोबा आपण स्वतः असाल किंवा त्यांचा चहा करणारे कुणी असाल. आयुष्यभर टेनिस पाहणाऱ्या या माणसाने कोर्टाकाठी बसून एकही सामना पाहिलेला नाही, हे आपल्या ध्यानात आले आहे का?

पुण्याच्या बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात, 2021 चा अपवाद वगळता, दर वर्षी महाराष्ट्र ओपन भरत असे. 2019 च्या अंतिम सामन्यात एकोणचाळीस वर्षांच्या इव्हो कार्लोविचने केविन अँडरसनला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत झुंजवले. 1977 मधील केन रोझवॉलनंतर अशा स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू होता. त्याच वर्षी तेथे दुहेरी जिंकणाऱ्या रोहन बोपण्णाने 2024 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणाऱ्यांना मात्र बालेवाडीची ती स्पर्धा पुन्हा दिसली नाही. ती भारताबाहेर गेली.

आपल्याला अधिक जवळची स्पर्धा म्हणजे चर्चगेटजवळ क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवरील महिलांची मुंबई ओपन. 2017 मध्ये ती जिंकणारी आर्यना सबालेंका पुढे जगात अव्वल ठरली. 2018 नंतर ही स्पर्धा काही वर्षे झाली नाही. 2024 आणि 2025 मध्ये ती फेब्रुवारीत झाली. म्हणून तारखा आधी पडताळाव्यात आणि जाहीर होताच बेत आखावा. अंतिम सामन्याचा आग्रह नको. आठवड्याच्या आरंभी गर्दी कमी असते आणि एकाच दिवसात अनेक सामने पाहायला मिळतात.

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 68 किलोमीटर. सकाळची गर्दी ओसरल्यावर बदलापूर किंवा अंबरनाथहून सुटणारी लोकल घ्यावी, म्हणजे बसायला जागा मिळते. उल्हासनगरकरांनी शक्य असल्यास अंबरनाथला येऊन गाडी धरावी. दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या पुलावर चढण्यापेक्षा थेट टर्मिनसला जावे. तेथे फलाटावरून बाहेर पडताना जिना लागत नाही. पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत टॅक्सी करावी. परतताना संध्याकाळच्या गर्दीपूर्वी निघावे.

मानेचे दुखणे असेल तर कोर्टाच्या लांब बाजूला बसू नये. तेथे प्रत्येक फटक्याला मान डावी-उजवीकडे वळवावी लागते. बेसलाइनमागे जागा मिळाल्यास चेंडू समोरून येताना दिसतो आणि मानेला विसावा मिळतो. जागा कडेची निवडावी. खेळ चालू असताना उठता येत नाही. मात्र सेटचा पहिला गेम वगळता प्रत्येक विषम गेमनंतर खेळाडू बाजू बदलताना दीड मिनिट विश्रांती घेतात. तेवढ्यात उठून प्रसाधनगृहाकडे निघावे. टोपी, पाणी, दुपारची औषधे आणि मधुमेह असल्यास थोडा खाऊ सोबत असावा. लघवीच्या गोळीची वेळ स्वतःहून बदलू नये, डॉक्टरांना विचारावे.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. ‘तुम्हाला झेपणार नाही,’ असा निर्णय त्यांच्या वतीने देऊ नका. ‘बाबा, जायचे का?’ एवढे विचारा. वय वाढते तसे घराबाहेर पडणे दवाखाना आणि रक्त तपासणीपुरते उरते. ज्या वाटेच्या शेवटी तपासणीचा अहवाल नाही, अशी एक वाट त्यांना हवी असते. दोन सामन्यांनंतर ते थकले तर तिसरा सोडून द्या. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ते एखाद्या अनोळखी मुलीच्या बॅकहँडविषयी बोलू लागतील. कल्याण येईपर्यंत ते ऐकत राहा.