केळीचा खर्च गेला कुठे?

आमचं गाव रावेरजवळ, म्हणजे केळी आलीच! जोडीला थोडा कापूस. दिवाळीत आप्पा म्हणाले, "एवढा कम्प्युटर शिकतोस, तर घरचा हिशोब करून दे."

मी जोशात पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. 'शेती' नावाचं पॅकेज, म्हणजे साधा फोल्डर. त्यात 'केळी' आणि 'कापूस' अशा दोन फायली. पायथॉन 3 मध्ये (2008 पासून) नावं देवनागरीतही चालतात. दोन्ही फायलींत 'खर्च' हे नाव होतं. मुख्य फाईलमध्ये मात्र आळस केला. आधी केळी, मग कापूस, दोन्हींतून 'इम्पोर्ट स्टार'. म्हणजे असेल नसेल ते सगळं आण!

होस्टेलवरून फोन करून केळीचा नफा सांगितला. आप्पा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे यंदा सोसायटीचं कर्ज फिटतं रे!"

रात्री दीड वाजता रूममेटला प्रोग्राम दाखवताना 'खर्च' प्रिंट केला. आकडा कापसाचा! रोपं, ठिबक, खत असा केळीचा मोठा खर्च गायब. एरर एकही नाही.

झालं असं, की पायथॉन पहिल्या इम्पोर्टला फाईल एकदा चालवतो आणि तिच्यातली नावं तिच्याच वहीत ठेवतो. पुन्हा इम्पोर्ट केलं तर तीच वही काढून देतो. ही वही म्हणजे नेमस्पेस. 'स्टार'ने त्या वहीतली नावं माझ्या वहीत उतरतात. एका वहीत एक नाव एकदाच राहतं, म्हणून नंतर आलेला कापूस केळीवर बसला. नुसतं 'इम्पोर्ट शेती.केळी' लिहून 'शेती.केळी.खर्च' म्हटलं असतं, तर काही बिघडलं नसतं.

आमच्या गावात "पाटलांकडे जायचंय" म्हटलं की लोक विचारतात, "कुठल्या पाटलांकडे?" पायथॉन विचारत नाही. त्या वहीत त्या नावाचा जो सापडेल, त्याच्या दारात नेऊन सोडतो.

सकाळी फोन केला. खरा आकडा सांगताना घसा कोरडा पडला. कर्ज फिटणार नव्हतं. आप्पा एवढंच म्हणाले, "बरं झालं, बँकेत जायच्या आधी सांगितलंस. पण बाबा, ज्याचा खर्च त्याच्याच नावावर मांडत जा."

मित्रांनो, तेव्हापासून मी 'स्टार' लावत नाही. टायपिंग जरा जास्त होतं, एवढंच!