खरजातला गंधार

स्पीकर घ्यायचे तर तंबोऱ्यावर पारखून घ्यायचे, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. दुकानात गेलं की ड्रम्स लावतात, सिनेमातले स्फोट लावतात. मला रोज ऐकायचे ते मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाई, किशोरीताई. ज्या स्पीकरवर तंबोरा खोटा वाजतो, त्यावर यांच्यापैकी कुणाचंच गाणं खरं वाटत नाही.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा हट्ट असायचाच. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब इथे राहिले. मंजीखाँ आणि भूर्जीखाँ या त्यांच्या मुलांकडून त्यांची जयपूर घराण्याची गायकी मन्सूरांपर्यंत गेली. १८८३ सालापासूनचा देवल क्लब अजून आहे. माझ्या काकांचे कान तिथल्या बैठकांत तयार झाले. मायक्रोफोन नसताना, गवयापासून दोन हातांवर बसून गाणं कसं ऐकू येतं हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. म्हणून शेवटचा शब्द त्यांचा, असं मी घरात सांगून टाकलं होतं.

पुण्यातल्या शोरूममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा छातीएवढ्या उंचीचे फ्लोअरस्टँडर लावून ठेवलेले होते. खोली लग्नाच्या छोट्या हॉलएवढी, खाली जाड गालिचा, भिंतींना मऊ पॅनेल. आवाज भव्य होता, यात शंका नाही. दुकानदार भले माणूस. मी माझा पेनड्राइव्ह पुढे केला तर लगेच लावून दिला. त्यात काकांच्या मिरजेच्या तंबोऱ्याचं घरी केलेलं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं. नुसता तंबोरा, गाणं नाही.

आमचा तंबोरा काळी एकचा. त्याच्या खरजाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. पण तारेतला तो मूळ स्वर तसा दुबळाच असतो. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या दोऱ्यानं जवारी खुलते, वरचे अंशस्वर जागे होतात आणि त्यांच्यावरून कानच खालचा खरज उभा करतो. त्या अंशस्वरांत पाचवा असतो गंधार, सुमारे ३४६ हर्ट्झ. कुणीही न छेडलेला, आपोआप उमटणारा, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरा नीट जुळला की तो स्वच्छ कानी येतो. माझी कसोटी एवढीच होती: स्पीकरमधून तो गंधार येतो का? त्या मोठ्या स्पीकरांतून खरज भरदार आला, गंधार मात्र शोधावा लागला.

शेजारच्या लहान खोलीत हार्बेथचे पी-३ ईएसआर होते. उंची जेमतेम फूटभर, बंद पेटी, मागे हवेचं भोक नाही. या घडणीचं मूळ बीबीसीत आहे. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एलएस-३/५ए नावाचा छोटा मॉनिटर बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात तयार केला. माणसाचा बोलण्याचा आवाज खराखुरा वाटतो की नाही, यावर तिथे स्पीकर जोखले जात. त्याच बीबीसीतून निवृत्त झालेल्या डडली हारवूड यांनी १९७७ साली हार्बेथ सुरू केली. गळ्याचा आवाज नीट यावा म्हणून जन्मलेलं हे घराणं आहे, आणि मला गळाच ऐकायचा होता. पी-३ वर तंबोरा लावला आणि दोन आवर्तनांत गंधार वर आला.

तरी निर्णय घरी ऐकूनच करायचा होता. दुकानदारांनी अनामत घेऊन दोन्ही जोड्या आठवडाभरासाठी पाठवल्या.

माझी ऐकण्याची खोली शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या माडीवर आहे. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, वर कडीपाट. गाडीबरोबर आलेल्या मुलांनी मोठे स्पीकर लांब भिंतीला लावले, समोरच्या भिंतीला टेकून दिवाण होता, त्यावर काका बसले. तंबोरा सुरू झाल्यावर मिनिटभरात म्हणाले, “अगं, ह्याची जवारी कुठं गेली? नुसता खरज सुजलाय.”

हे सुजणं गणिताचं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, त्याच्या दुप्पट अंतरानं भागलं की ७० हर्ट्झ येतात. या स्वराची अर्धी लाट दोन भिंतींच्या मध्ये बरोबर बसते आणि भिंतीलगत तिचा दाब सर्वांत जास्त असतो. आमच्या तंबोऱ्याचा खरज आणि आमच्या खोलीची रुंदी यांचा स्वर जवळजवळ एकच निघाला! मग तबला लावला. डग्ग्यावरची मींड खाली उतरता उतरता त्या एका जागेशी आली की घुमारा एकदम फुगायचा, पुढे सरकली की ओसरायचा. वादकानं तिथे काही जोर दिलेला नव्हता, जोर खोलीचा होता.

मांडणी फिरवली. स्पीकर आखूड भिंतीकडे, तोंड लांबीच्या दिशेनं, आणि बसायची जागा रुंदीच्या बरोबर मध्यावर, कारण तिथे त्या लाटेचा दाब जवळपास शून्य असतो. खरज शहाण्यासारखा वागू लागला. आता मोठ्या स्पीकरांची दुसरी अडचण दिसली. त्यांचे वूफर, मधला ड्रायव्हर आणि ट्वीटर एकमेकांत मिसळायला अंतर लागतं. साडेपाच फुटांवर मन्सूरांचा आकार वर चढला की गळा एका जागचा राहीना. पी-३ स्टँडवर कानांच्या उंचीला ठेवले, मध्ये पाच फूट अंतर, आणि गवई समोर येऊन बसला.

उरलं ते डाव्या-उजव्याचं. यासाठी जुनं मोनो ध्वनिमुद्रण फार उपयोगी पडतं. व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ साली अवकाशात गेलेली, याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी लावली. मोनो म्हणजे आवाज दोन स्पीकरांच्या ऐन मध्यावर, एका ठिकाणी उभा राहिला पाहिजे. तो उजवीकडे ओढला जात होता. डावीकडे खिडकी, उजवीकडे लोखंडी कपाट. त्याच्या पत्र्यावर आवाज आपटून येत होता. कपाट दुसऱ्या खोलीत गेलं, त्या जागी घोंगडी टांगली. केसरबाई मध्यावर आल्या, शिवाय तानेच्या कडा दिसू लागल्या: कुठला स्वर दाबला, कुठला नुसता स्पर्शून गेला, श्वास कुठे घेतला. जयपूर घराण्याचं गाणं ऐकणाऱ्याला याहून मोठी चैन नाही.

मग काकांनी खरा तंबोरा आणला, दोन्ही स्पीकरांच्या मध्ये बसले आणि छेडू लागले. त्यांनी थांबावं, मी ध्वनिमुद्रण लावावं, असं आळीपाळीनं चाललं. खऱ्या तंबोऱ्याची धग पेटीत नाही. पण गंधार दोन्हीकडे त्याच जागी होता.

पी-३ ठेवले, मोठे परत पाठवले. सबवूफर जोडा, असा दुकानदारांचा सल्ला होता. कंपनीच्याच आकड्यांनुसार हे स्पीकर ७५ हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरत जातात. पण जी लाट मांडणी फिरवून शांत केली तिच्याजवळ आणखी जोर नेऊन ठेवायला मी तूर्त तयार नाही. काकांना हे पटलेलं नाही. पखवाजाचा ‘धा’ पोटात लागला पाहिजे, तो या पेटीतून लागत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि पखवाजापुरतं ते खरं आहे. धृपदच ऐकणाऱ्यानं मोठी खोली बघावी आणि मोठे स्पीकर घ्यावेत. आमच्याकडे धृपद ऐकायचं असलं की काका दिवाण मागे ओढतात आणि भिंतीला टेकून बसतात.