अडीच इंच पुरे

टर्बो गाडीची ताकद वाढवायची ठरली की पहिला खर्च बहुधा इंटरकूलरच्या पाइपवर होतो. इंजिनाच्या संगणकातल्या नकाशातला (मॅपमधला) बदल दिसत नाही. पाइप मात्र बॉनेट उघडून दाखवता येतो, आणि तीन इंची चकचकीत अॅल्युमिनियम पाहिले की गाडी जोरात असणारच असे वाटते. केज–अंबाजोगाई रस्त्यावर रोज धावणारी आणि कधीमधी लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यतीसाठी उतरणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवून मी या प्रश्नाचा हिशेब मांडणार आहे. माझे मत आधीच सांगतो: अशा बहुतेक गाड्यांना दोन इंची पाइप पुरतो, बऱ्यापैकी ताकद वाढवलेल्यांना अडीच इंची, आणि तीन इंची पाइप ज्यांना खरोखर लागतो अशा गाड्या मराठवाड्यात शोधाव्या लागतील. पाइपचा व्यास हौसेवर किंवा गाडीच्या नावावर ठरत नाही. तो त्यातून जाणाऱ्या हवेवर ठरतो, आणि ती हवा मोजता येते.

मोजणी अवघड नाही. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर 100 अश्वशक्तीला मिनिटाला साधारण साडेचार किलो हवा खाते. उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचे 1.8 टीएसआय इंजिन 180 अश्वशक्तीचे, म्हणजे मिनिटाला आठ किलोच्या आसपास हवा. बूस्ट 0.8 बार आणि इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा 50 अंशांची धरली, तर आतून 50 मिलिमीटर मोकळ्या, म्हणजे दोन इंची पाइपमध्ये हवेचा वेग सेकंदाला 36 मीटर येतो. हा ध्वनीच्या वेगाचा जेमतेम दहावा हिस्सा झाला. पाइपची लांबी अडीच मीटर आणि वाटेत चार सफाईदार बेंड धरले, तर या वेगाला दाबाचा तोटा 0.03 बारच्या आतच राहतो. त्याच जागी अडीच इंची पाइप टाकला तर तोटा 0.01 बारवर येईल. वाचला किती, तर 0.02 बारसुद्धा नाही. एवढा फरक साध्या बूस्ट गेजच्या काट्यावर दिसणारही नाही, आणि त्यासाठी गाडीच्या पुढच्या भागात कापाकापी करायची, हे मला पटत नाही.

आता ताकद 600 अश्वशक्तीवर नेऊ; ही शुद्ध ड्रॅगची गाडी झाली. मिनिटाला 27 किलो हवा, बूस्ट दोन बार. दोन इंची पाइपमध्ये वेग 73 मीटर होतो आणि तोटा 0.18 बारच्या घरात जातो. हा तोटा भरून काढायला टर्बोला तेवढा जास्त दाब तयार करावा लागतो, त्याचा दांडा जास्त वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापते. अडीच इंचात हाच तोटा 0.06 बारवर उतरतो आणि तीन इंचात 0.03 वर. या आकड्यांमधली उतरंड पाहा. दोनवरून अडीचवर गेल्याने 0.12 बार हाती लागले, अडीचवरून तीनवर गेल्याने फक्त 0.03. व्यास वाढला की तोटा त्याच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणून पहिल्या अर्ध्या इंचात बहुतेक फायदा पदरात पडतो. ध्वनीच्या वेगाच्या चार दशांशाच्या आत राहा, हा ट्यूनर मंडळींचा प्रसिद्ध नियम इथे उपयोगी पडत नाही, कारण 600 अश्वशक्तीलाही दोन इंची पाइप त्या मर्यादेच्या निम्म्यावरच राहतो. दाबाचा तोटा त्याच्या कितीतरी आधी सतावू लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोठ्या पाइपने बिघडते काय? बिघडते, पण लोक सांगतात त्या कारणाने नव्हे. बारीक पाइपमध्ये हवा जोरात धावते म्हणून टर्बो लवकर उठतो, हे म्हणणे चुकीचे आहे. तो वेग मॅनिफोल्डच्या पोटात शिरताच विरून जातो. खरा प्रश्न पाइपच्या पोटात मावणाऱ्या हवेचा आहे. अडीच मीटर लांबीत दोन इंची पाइपमध्ये सुमारे 5 लिटर हवा मावते, तीन इंचीत 11 लिटरच्या पुढे. जादा 6 लिटर जागा 0.8 बारपर्यंत भरायला पाचएक ग्रॅम हवा अधिक लागते. 3000 आरपीएमला 1.8 लिटरचे इंजिन सेकंदाला स्वतःच 40 ग्रॅमच्या आसपास हवा ओढत असते, आणि टर्बोने दिलेल्या हवेतून ती वजा जाता उरेल तेवढीच हवा पाइप भरायला मिळते. म्हणजे विलंब सेकंदाच्या काही दशांशांचा. आरपीएम कमी असेल तर त्याहून जास्त. टर्बो उठायला लागणाऱ्या एकूण विलंबात, म्हणजे लॅगमध्ये, मोठा वाटा टर्बाइनच्या चाकाच्या जडपणाचा असतो, हे मान्य. पण ड्रॅगच्या गाडीत दिवा हिरवा होण्याआधीच बूस्ट बांधलेले असते, त्यामुळे तिथे हा विलंब कोणाला जाणवत नाही. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना मात्र तो पायाखाली कळतो. दोन्ही कामे करणाऱ्या गाडीचा पाइप म्हणूनच रस्त्याच्या हिशेबाने निवडावा.

मोठ्या पाइपचा आणखी एक दोष जोडावर दिसतो, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. दीड बार बूस्टला अडीच इंची पाइपचे तोंड सिलिकॉनच्या होजमधून बाहेर ढकलणारा जोर 48 किलोच्या आसपास असतो. तीन इंची पाइपला तोच जवळपास 70 किलो होतो. टर्बोकडच्या गरम बाजूला पाइपच्या आत तेलाचा पातळ थर नेहमीच असतो, त्यामुळे होज आधीच निसरडा झालेला असतो. पाइपच्या तोंडाशी गोल उंचवटा काढलेला नसेल, नुसता करवतीने कापलेला सपाट काठ असेल, तर क्लॅम्प कितीही आवळा, भर बूस्टमध्ये जोड सुटतोच. चांगला कारागीर आर्गन वेल्डिंगचा टाका आतून घासून गुळगुळीत करतो, तोंडाशी उंचवटा काढतो आणि पाइपला इंजिनाच्या हलण्याइतकी मोकळीक ठेवतो. या कामावर खर्चलेला पैसा व्यासावर खर्चलेल्या पैशापेक्षा जास्त फळतो.

दुसरा आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 अंशांवर जातो, शिवाय पठाराच्या उंचीमुळे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा थोडा कमीच. मग पाइप मोठा नको का? पाइप हवा थंड करत नाही. ते काम इंटरकूलरच्या जाळीचे आहे, आणि ती जाळीसुद्धा हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. 15 अंशांच्या हवेपेक्षा 42 अंशांची हवा सुमारे 9 टक्क्यांनी विरळ असते. ही तूट व्यास वाढवून भरत नाही. जाळी जाड घ्यावी, बंपरमधून आलेला वारा तिच्या कडेने निसटू नये म्हणून फटी बंद कराव्यात, आणि जाळीच्या पापुद्र्यांत अडकलेली माती व पाचटाचा कचरा काढावा. फोक्सवॅगनच्या चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या 1.2 लिटर इंजिनात तर पाण्याने थंड होणारा इंटरकूलर थेट मॅनिफोल्डमध्येच बसवला होता. हवेची वाट आखूड ठेवण्याला कारखाना किती महत्त्व देतो, हे त्यावरून दिसते.

डिझेलवाल्यांचा प्रश्न वेगळा नाही, आणि केजमध्ये टर्बो म्हणजे मुख्यतः डिझेलच. त्याच ताकदीला डिझेल इंजिन सव्वा ते दीडपट हवा घेते. 140 अश्वशक्तीची स्कॉर्पिओ पाइपच्या हिशेबात 210 अश्वशक्तीची पेट्रोल गाडी धरावी. तरीही दोन इंचांत तिचे भागते. कायद्याची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याने ठरवलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि कलम 189 नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. शर्यतीची हौस धावपट्टीवरच भागवावी.

पाइप विकत घेण्याआधी एक दिवस गेजवर घालवा. टर्बोच्या तोंडाशी, इंटरकूलरच्या बाहेर आणि मॅनिफोल्डवर असे तीन ठिकाणी दाब मोजा. पहिल्या दोन आकड्यांतला फरक मोठा निघाला तर आधी जाळी बदला. इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा फरक 0.05 बारच्या आत असेल तर आहे तो पाइप राहू द्या. त्याहून जास्त असेल तर आधी बेंड आणि जोड तपासा, आणि ते ठीक असतील तरच अर्धा इंच वाढवा.